तुझ्या आजीची खाडी

केरी, ता. पेडणे
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, रात्री उशिरा

प्रिय गड्या,

आज तेरेखोलची खाडी ओलांडली. एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता. पण संध्याकाळी इथं तुझ्या आजीबद्दल जे ऐकलं, ते रेंज जात-येत असताना तुकड्या-तुकड्यानं सांगावंसं वाटेना. म्हणून भाच्याच्या नोंदवहीतली कोरी पानं घेऊन बसलोय. पत्र लांबेल. सावकाश वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव.

अलिबागजवळच्या मांडव्याहून निघाल्याला आज तेवीस दिवस झाले. मधले चार दिवस वाऱ्यामुळे आणि भाच्याच्या तळहातांवरच्या फोडांमुळे बसून काढले, बाकी रोज वीस-पंचवीस किलोमीटर वल्हवलं. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन आडवं आलं नसतं तर दुसऱ्या कयाकमध्ये, त्या लांबोडक्या वल्ह्याच्या होडीत, तू असतास, हे मी रोज सकाळी स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवतीचं कापड, ओढून बसवताना मनात म्हणतो. भाचा गुणी आहे, न सांगता पाण्याची बाटली पुढं करतो. पण हा बेत दहावीच्या सुट्टीत आरोंद्याच्या खाडीकाठी तू आणि मी केला होता, तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

मालवणपर्यंतचं सगळं भेटीत सांगेन. दोनच गोष्टी आत्ता लिहितो. एक, वारा. पहाटे डोंगराकडून मतलई वारा येतो, तेव्हा पाणी तेलासारखं असतं आणि कयाक आपसूक सरकते. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. आपण दक्षिणेला निघालेलो, त्यामुळे तो पाठीवर बसतो. लाट मागून येऊन उचलते, कयाक तिच्या अंगावरून घसरत पळते, आणि त्याच वेळी तिचं नाक वळायला बघतं. एकदा आडवी झाली की पुढची लाट दया करत नाही. त्यामुळे आम्ही बारा वाजायच्या आत किनाऱ्याला लागायचा नेम पाळला.

दुसरी गोष्ट कोर्लईची. किल्ल्याखालच्या गावात पाणी भरायला गेलो, तर दोन म्हाताऱ्या दारात बसून बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळेना. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, त्यांच्या भाषेतून झालेली बोली मात्र त्या गावात अजून बोलतात. आमच्याशी बोलताना त्याच बायका चोख मराठीत बोलल्या. त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या तुझी आजी आठवली आणि मग ती पुढं सगळ्या वाटेवर सोबत राहिली.

तू म्हणशील, आजीची गोष्ट मला काय सांगतोस. पण बाबांना वाचून दाखवशील म्हणून मला माहीत असलेली लिहितो, चुकलं तर ते सांगतील.

आजीचं सासर आरोंद्याला, माहेर इथं केरीला. खाडीच्या अलीकडं आपलं मुंबई राज्य, पलीकडं पोर्तुगालचं राज्य. लग्न झालं तेव्हा ये-जा चालू होती. बाबांच्या वेळी आजीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. तेवढ्यात १५ ऑगस्ट १९५५ आला. देशभरातून हजारो निःशस्त्र माणसं सत्याग्रहासाठी गोव्याच्या हद्दीत शिरली, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं गेली. तेरेखोलला पडलेल्यांत पनवेलचे हिरवे गुरुजी होते. त्यानंतर हद्द बंद झाली. आजीचं गाठोडं तसंच खुंटीला राहिलं आणि बाबा आरोंद्याला जन्मले. ती काठावर उभी राहून पलीकडचे माड दाखवायची, आठवतं? "थंय दिसता मरे, पण जावक गावणा नाय." १९५७ मध्ये तिचे वडील गेले. बातमी पोचायला अकरा दिवस लागले, आणि ती आणली ती मच्छीमारांनी, कारण दर्यात दोन्हीकडच्या होड्या एकमेकींना भेटतच होत्या. तिनं आरोंद्याच्या काठावर आंघोळ केली आणि घरी येऊन चूल पेटवली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला तेव्हा बाबा सहा वर्षांचे होऊन गेले होते.

आणि ते तांबड्या धडप्याचं. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर निरोप पाठवून दिवस ठरवला, आजीनं बाळाला तांबड्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि काठावर उभं राहून दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पलीकडच्या काठावर तिची आई. ही गोष्ट आपण तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. ती इथंच थांबायची. "मी वर धरलय. आवशीन बघलान." पुढं काही नाही.

आता आजचं.

काल शिरोड्याला वेळागरच्या पुळणीवर मुक्काम होता. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं. रात्री रेंज नव्हती, म्हणून मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक उघडेना. मग तुझ्या आजोबांनी शिकवलेलं गणित केलं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मी म्हटलं उद्या तृतीया, तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पाणी सुकून थांबलेलं असणार. थांबल्या पाण्यात तेरेखोलच्या मुखातून पलीकडं जायचं. पहाटे सहाला निघालो. पश्चिमेला चंद्र अजून बराच वर होता. रेडीचा यशवंतगड डावीकडून मागं पडला, मग खनिजाच्या धक्क्याकडचा भाग, मग लाल कडे.

आठला तेरेखोलच्या टोकाजवळ पोचलो आणि आधी आवाज ऐकू आला. दुरून मालगाडी जात असल्यासारखा. मुखासमोर वाळूचा दांडा आहे, त्यावर पाणी पांढरं होऊन फुटत होतं. खाडीतलं पाणी अजून जोरात बाहेर धावत होतं आणि समोरून वायव्येची लाट आत येत होती. दोघं वाळूवर भिडले की लाट आखूड होते, उंच होते आणि जागच्या जागी कोसळते. त्यात लांबोडकी कयाक शिरली तर तिचं नाक एका लाटेत आणि शेपूट दुसरीत. भाचा म्हणाला, "मामा, कडेनं जाऊया." माझ्याही मनात तेच आलं होतं. खरं सांगतो, दहा-पंधरा मारे मी त्या दिशेनं मारलेही. मग पाण्यानं कयाक बाहेर ओढायला घेतली, हातातल्या वल्ह्याला ते जाणवलं आणि मी वळलो. किल्ल्याच्या उत्तरेला कड्याच्या आड एक छोटी पुळण आहे, तिथं लागलो.

तिथं एक मच्छीमार होडीत जाळं सारखं करत होता. त्यानं आधी कयाकी निरखल्या, बोटानं ठोकून पाहिल्या.

"खंय जातलास?"

"केरीक."

"आता नको. सुकती असा अजून. बघ थंय वाळयेर कशी फुटता ती."

मी म्हटलं, आज तृतीया ना, पाणी थांबायला हवं होतं.

"तृतीया?" त्यानं जाळं खाली ठेवलं. "संकष्टी मरे आज!"

चार पाऊण तीन. तीनला भरती, नवाला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आणि काठावर पाणी सुकून थांबलं तरी खाडीच्या पोटातलं पाणी आणखी अर्धा-पाऊण तास बाहेर येत राहतं, ते त्यानंच सांगितलं. दर्यावर राहून आम्ही वार विसरलो होतो, तिथीही एकानं चुकली. त्या एका चुकीपायी मी बहिणीच्या मुलाला त्या पाण्यात घालणार होतो. हे बहिणीला मी स्वतः सांगणार आहे.

मी त्या मच्छीमाराला विचारलं, मग गोवा त्या तिकडून ना? मी केरीकडं हात केला. तो म्हणाला, "गोंयातच उभो असस तू."

तुला माहीत होतं का रे हे? मला नकाशावर माहीत होतं, पायाखाली नव्हतं. आपण लहानपणापासून खाडी म्हणजेच हद्द असं धरून चाललो, कारण आरोंद्यासमोर ती तशी आहे. पण मुखाशी तेरेखोलचा किल्ला आणि गाव खाडीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात आहेत. किल्ला मुळात सावंतवाडीकर खेम सावंतांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि काठ आपला असला तरी किल्ला त्यांचा होऊन बसला, तो १९६१ पर्यंत. म्हणजे रेडी सुटल्यावर कुठंतरी, कड्याखालून सरळ रेषेत वल्हवताना, आम्ही हद्द ओलांडून आलो होतो. मी तेवीस दिवस त्या क्षणाची वाट पाहत होतो. ठरवलं होतं, वल्हं आडवं ठेवून थांबायचं, आजीचं नाव घ्यायचं. आणि तो क्षण आला-गेला तेव्हा मी भाच्याला बिस्किटाचा पुडा पाण्यात टाकू नको म्हणून ओरडत होतो. फोनलाही काही कळलं नाही, कारण दूरसंचारच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल आहे.

पाणी थांबेपर्यंत भाचा कयाकींपाशी बसला आणि मी किल्ल्याच्या उतारावर चढलो. जांभ्याच्या भिंती, आत सेंट अँथनीचं चर्च. किल्ल्यात आता हॉटेल आहे. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांनी याच भिंतींवर तिरंगा लावला होता. मी बाहेरच एका दगडावर बसलो. खाली सगळं मुख उघडं दिसतं. पलीकडं केरीची पांढरी पुळण, तिच्यामागं सुरूचं बन, आणि मधून फेरीबोट हळूहळू जाते. चालत्या माणसाला तिकीट नाही. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चढली, टोपली खाली ठेवायच्या आत बोट पलीकडं लागली असं वाटलं. कोकणातला सगळ्यात सुंदर देखावा कुठला असं मला कुणी विचारलं तर मी सिंधुदुर्ग सांगणार नाही, हा उतार सांगेन. पण खरं म्हणजे मी देखावा बघत नव्हतो. मी घड्याळ बघत होतो. पावणेदोन तास बसलो, समोर केरी दिसत होती आणि जाता येत नव्हतं, आणि पहिल्या तासानंतर मला तिथं बसवेना. उठलो, खाली गेलो, परत वर आलो. सहा वर्षं चार महिने, गड्या. मी बोटांवर मोजले.

पावणेदहाला वाळूवरचा पांढरा पट्टा विरला. मच्छीमारानं खालून हात केला. टोकाला वळसा घालून आत आलो तर पाणी इतकं निवांत की विश्वास बसेना. वीस मिनिटांत केरी. खाडीच्या मध्यावर मी वल्हं आडवं ठेवलं. भाच्यानं काही विचारलं नाही, तोही थांबला. भरतीनं आम्हाला हळूच आत, आरोंद्याच्या दिशेला वळवायला घेतलं.

केरीला किनाऱ्यावरच्या पोलिसांनी आमची नावं, आधार कार्डं आणि कयाकींचे रंग लिहून घेतले, २००८ पासून हे सगळ्या किनाऱ्यावर चालतं, आणि चहा दिला. मग सुरूच्या बनात तंबू लावून मी तुझ्या आजीचं घर शोधायला निघालो.

तू दिलेली खूण चुकीची निघाली. मोठा फणस आता नाही. पण तिसऱ्या घरात विचारलं तेव्हा म्हातारे एक गृहस्थ म्हणाले, आरोंद्याला दिलेली ना, ती त्यांची, आणि थेट दारात नेऊन सोडलं. घर नवं, स्लॅबचं. तुळशीवृंदावन मात्र जुनं, जांभ्याचं, एका बाजूला कललेलं. घरात आजीच्या भाच्याची बायको असते, म्हणजे बाबांच्या मामेभावाची. तुझी काकूच ती. सत्तरीची, एकटी, मुलगा म्हापशाला नोकरीला. मी तुझं नाव सांगितलं, तिला कळलं नाही. बाबांचं सांगितलं, नाही. मग म्हटलं, आरोंद्याच्या आत्येचा नातू माझा मित्र. ती उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, पाय धुवायला. म्हणाली, त्या घरचं माणूस आलं तर आधी पाय धुवायचे असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय.

संकष्टी होती, चंद्रोदयापर्यंत तिचा उपास. आम्हाला जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हती, आणि आम्ही तिच्याआधी जेवायला. मग बसून राहिलो आणि ती बोलत राहिली. तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे आजीच्या भावाचं, पुष्कळ सांगितलं. १६ जानेवारी १९६७ चा सार्वमताचा दिवस. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. सासरे अंधारात उठून केंद्रावर गेले आणि फुलावर शिक्का मारून आले, बहीण आणि आपण एका राज्यात येऊ म्हणून. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. निकालाच्या दिवशी ते जेवले नाहीत. मला विचारशील तर गोव्याच्या लोकांनी आपला निर्णय आपण घेतला हे योग्यच झालं असं मी मानतो. पण त्या घरात बसून मी ते बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सासरे होडीनं आरोंद्याला गेले, बहिणीला सांगायला. आजी म्हणाली म्हणे, "होडी येता मां? मग झाला."

मग मी तांबड्या धडप्याचं विचारलं. मला वाटलं तिला माहीत नसेल. ती म्हणाली, माहीत नसायला काय, सासूबाई स्वतः तिथं होत्या. आजीच्या आईबरोबर तिची सूनही गेली होती. इथून पहाटे निघून दोघी चालत खाडीकाठानं आरोंद्यासमोर पोचल्या. पोर्तुगीज शिपाई येतील म्हणून माडांच्या आड उभ्या राहिल्या. पलीकडं माणसं दिसली, त्यात कुणीतरी तांबडं काहीतरी वर धरलं. बस. एवढंच. तांबडं दिसलं. डोकं कुठं, पाय कुठं, मुलगा की नुसतं गाठोडं, काही कळत नव्हतं. आजीच्या आईची नजर तेव्हाच अधू झालेली, तिला तर तांबडंही सून दाखवीपर्यंत दिसलं नव्हतं. दोघी आल्या पावली परतल्या, वाटेत एक शब्द नाही.

घरी आजीचे वडील दम्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांनी विचारलं, बघितलंत? आणि आजीच्या आईनं सांगितलं, बघितलं. कपाळ तुमचं आहे. नाक आमच्याकडचं. हसला. सून दारात उभी राहून ऐकत होती. पुढं दोन वर्षं, म्हणजे ते जाईपर्यंत, म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, नातवाचं कपाळ माझ्यासारखं आहे. आणि प्रत्येक वेळी आजीची आई बाजूला बसून मान हलवायची.

१९६१ मध्ये आजी बाबांना घेऊन होडीतून केरीला उतरली तेव्हा तिच्या आईनं बाबांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डोळ्यांजवळ नेऊन आधी कपाळ पाहिलं. खूप वेळ पाहिलं. काय दिसलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आजीला तर हे कपाळाचं प्रकरणच कधी कळलं नाही, सासूबाईंनी ते सुनेला सांगितलं, ते आज मला मिळालं.

बाबांच्या कपाळावर मधोमध जी आडवी खोलगट घडी आहे ना, मी लहानपणापासून बघतोय ती. मी काकूला म्हटलं, तुमच्याकडं म्हाताऱ्यांचा फोटो आहे? नाही. त्या काळी कोण काढणार. पण सासूबाई सांगायच्या, त्यांच्या कपाळावर टिळा लावायला गेलं की गंध घडीत जायचं.

नवाच्या सुमारास माडांमागून चंद्र आला. काकूनं अर्घ्य दिलं, मग मोदक वाढले. भाच्यानं सात खाल्ले. तिनं मला विचारलं, तो कधी येणार? मी तुझ्या वतीनं मे महिना सांगून टाकलाय, खांदा तोवर बरा होईल. बाबांना घेऊन ये. आरोंद्याहून पुलावरून यायला अर्धा तासही लागणार नाही, पण मला वाटतं तेरेखोलला जाऊन फेरीनं या.

तुझ्यासाठी तिनं सोलांची पुडी दिली आहे, गेल्या उन्हाळ्यातली, घरच्या रातांब्यांची. कयाकच्या मागच्या हॅचमध्ये ड्राय बॅगेत, माझ्या कोरड्या शर्टात गुंडाळून ठेवली आहे. उद्या मोरजीकडं निघायचंय, पणजीला पोचलो की एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. पुडीला बांधलेला दोरा तसाच ठेव, ती म्हणाली त्यात मीठ आहे, बाबांसमोरच सोड.

तुझा,
शाळेतला बाकसोबती